मध्यरात्रीचा सूर्य, घरचं वरण

१० जुलै २००८, गुरुवार. सकाळी ५.४०. वॉटफर्ड

रेस्टॉरंटच्या किचनमध्ये पिठाच्या काट्यावर बॅग मोजत होतो. १४ किलो ८५० ग्रॅम. विमानात पंधरा चालतात. दीडशे ग्रॅम शिल्लक दिसले म्हणून मेतकुटाची पुडी आत घातली. पुन्हा मोजली – १५ किलो १० ग्रॅम. पुडी उघडून दोन चमचे मेतकूट काढलं आणि तोंडात टाकलं. आता बरोबर पंधरा.

नवी वही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

बॅगेत दोन पँट, चार शर्ट. बाकी किराणा. तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, गोडा मसाला, छोटा राइस कुकर, एका कॉइलची विजेची शेगडी आणि लोखंडी कढई. कढई एकटीच १ किलो ३००. यतीन फोनवर म्हणाला, "कढई कशाला? कुकर आहे ना?" ज्याला फोडणी कशात करतात हे माहीत नाही, तो युरोपात मराठी जेवण विकायला निघालाय.

यतीन म्हणजे कराडला माझ्या वर्गात होता तो. तो पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. माझं अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर सुविचार मी लिहायचो, तो ते वाचून दाखवायचा. तेव्हापासून हेच चालू आहे. तो इंजिनिअर झाला, आता ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत आहे. मी बारावीला दोनदा बसलो, दोनदा उठलो, मग पुण्यात हॉटेलच्या किचनमध्ये, मग वर्क परमिटवर इथे, हरीशभाईंच्या रेस्टॉरंटात. तो आला तेव्हा चार वर्षांत सेटलमेंट, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळायची. माझे चार व्हायच्या आत सरकारने पाच केली. त्याच्याकडे आता लाल ब्रिटिश पासपोर्ट. माझा निळा, भारताचा.

त्याची योजना: पुढच्या जूनमध्ये इथल्या मराठी मंडळातल्या निवृत्त काका-काकूंना नऊ दिवस स्टॉकहोम, हेलसिंकी, टालिन, रीगा दाखवायचं. दोन्ही वेळा मराठी जेवण. जाहिरातीचा कागदही छापलाय – "मध्यरात्रीचा सूर्य, घरचं वरण". ही ट्रिप म्हणजे पाहणी. मला तो पार्टनर करून घेणार. पार्टनरने द्यायचे दोन हजार पौंड.

ट्रिपचा खर्च बाजूला ठेवून माझ्याकडे आहेत २,१४०. चार वर्षं नऊ महिन्यांचे. ऑक्टोबरमध्ये सेटलमेंटचा अर्ज, त्याची फी साडेसातशे. उरलेल्यात एक खोली, जिच्यात मी सोडून कुणी घोरत नाही. दोन हजार दिले तर उरतात एकशे चाळीस. यतीन म्हणतो ऑक्टोबरच्या आत परत मिळतील. कुठून, ते सांगत नाही.

उत्तर द्यायचंय १८ तारखेला, परतीच्या विमानात बसायच्या आत.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.१५. स्टॉकहोम

स्टॉकहोमचं विमानतळ स्टॉकहोममध्ये नाही. विमानातून उतरून बसने एक तास वीस मिनिटं. यतीनने हे जाहिरातीत लिहिलेलं नाही.

पासपोर्टच्या दोन रांगा. त्याची दीड मिनिटात संपली. माझी अठ्ठेचाळीस मिनिटं. माझ्याकडे फाइल होती: हरीशभाईंचं पत्र, पगाराच्या सहा स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, विमा, सगळी बुकिंगं, प्रत्येकाच्या दोन प्रती. बाईने काहीच बघितलं नाही. शिक्का मारला. थोडं वाईट वाटलं. इतकी छान लावली होती.

बाहेर यतीन एक भरलेला आणि एक रिकामा कप घेऊन उभा.

"तुझी कॉफी थंड होत होती, म्हणून मी प्यायलो."

"मग ही भरलेली?"

"ही माझी."

११ जुलै, शुक्रवार. दुपारी १.३०. स्टॉकहोम, बंदर

सकाळभर पाहणी. पाहणी म्हणजे काय ते आज कळलं. यतीनकडे स्टॉपवॉच आणि निळी फाइल. माझ्याकडे ही वही आणि एक काम – स्वच्छतागृहं मोजायची. कारण मंडळाच्या वॉर्विक किल्ल्याच्या सहलीत यतीनने बस तीन तास थांबवली नव्हती आणि एका काकांनी अध्यक्षांकडे लेखी तक्रार केली होती. किल्ल्याबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं.

जुन्या गावात: चार. पाच क्रोनर घेतात. एक बंद. एक असं की नाणं टाकून दार उघडतं आणि ठरलेल्या वेळाने आपोआप पुन्हा उघडतं. काकांसाठी बाद.

मग यतीन म्हणाला, "आता तू सुप्रभाकाकू. दोन्ही गुडघे बदललेले. चौकापासून राजवाड्यापर्यंत चाल, मी वेळ घेतो."

मी म्हणालो, तू चाल.

"मग वेळ कोण घेणार?"

चाललो. खाली सगळे दगडगोटे. काकू उतरताना आधी डावा पाय टाकतात आणि कमरेवर हात ठेवतात, ते मला माहीत आहे. मंडळाच्या गणपतीत त्या किचनमध्ये माझ्याशेजारी मोदकांच्या पाऱ्या करायला बसतात आणि दर वेळी उठताना माझा खांदा धरतात. तसाच चाललो. एवढ्यात एक उंच स्वीडिश बाई आली, काही न विचारता माझ्या दंडाला धरलं आणि मला बाकापर्यंत नेऊन बसवलं. मी तिला काय सांगणार? बसलो. तिने पाण्याची बाटली दिली. मी आजाऱ्यासारखं प्यायलो.

यतीनने फाइलमध्ये लिहिलं – "स्थानिक लोक मदतीला तत्पर." आणि वेळ: अकरा मिनिटं चाळीस सेकंद, "मदतीसह".

बाटलीचे पैसे तिने घेतले नाहीत. नोंद.

१२ जुलै, शनिवार. सकाळी ८.४५. बोटीवर

सतरा तासांची बोट. बोट कसली, अख्खी इमारत. आमची केबिन मोटारी ठेवतात त्याच्याही खाली. खिडकी नाही. खिडकीच्या जागी खिडकीचं चित्र.

पण काल संध्याकाळी वर डेकवर उभं राहिल्यावर बेटंच बेटं. शेकड्यांनी. काहींवर एकच घर, लाल रंगाचं, आणि एक माणूस बोटीकडे बघत. मी हात केला. त्यानेही केला.

यतीन म्हणाला, "दोन तास फुकटची करमणूक. लिही."

मी विचारलं, किती जण पक्के झालेत?

"एकोणीस."

"डिपॉझिट?"

"आलंय. जवळजवळ."

जवळजवळ आलेलं डिपॉझिट मी आजपर्यंत बघितलेलं नाही. म्हटलं, फाइल दाखव. त्याने फाइल मांडीखालून काढून दुसऱ्या मांडीखाली घातली. रात्रीही उशाखाली घेऊनच झोपला. पासपोर्ट मात्र बाहेर चार्जरशेजारी उघडा पडलेला. माझा पासपोर्ट बनियनच्या आतल्या खिशात, सेफ्टी पिन लावून.

नाश्त्याला आठ प्रकारचे थंड मासे. एक गोड.

१२ जुलै. रात्री १०.५०. हेलसिंकी

बंदराच्या बाकावर बसून सूर्य बघितला. १०.३४ ला मावळला. मी घड्याळ लावून बसलो होतो.

"यत्या, मावळला."

"उजेड आहे ना अजून?"

"जाहिरातीत सूर्य लिहिलाय."

"मध्यरात्रीचा सूर्य ही एक कल्पना आहे, ज्ञान्या. फीलिंग आहे. लोकांना फीलिंग विकायचं असतं."

डॉक्टरकाका – म्हणजे सुप्रभाकाकूंचे मिस्टर – बत्तीस वर्षं वॉटफर्डच्या हॉस्पिटलात होते. मोदकांचा नारळसुद्धा ते हलवून, कानाला लावून घेतात. ते कल्पनेचे पैसे देतील? खरा सूर्य बघायला अजून आठशे किलोमीटर वर जावं लागतं, हे मी लायब्ररीत बघून आलोय. यतीनला तिथेच, वॉटफर्डला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "बघू."

१३ जुलै, रविवार. हेलसिंकी

पाऊस. स्वच्छतागृहं: सहा. स्वच्छ. महाग.

१३ जुलै. संध्याकाळी ६.००. टालिन

छोट्या बोटीने अडीच तास. टालिनला उतरलो. बोर्डावर नाव दोन एन घालून आहे, जाहिरातीत यतीनने एकच घातलाय. बारावीला पहिल्या वर्गात आलेला माणूस.

इथे तिसरं चलन. खिशाच्या चार कप्प्यांत चार देश. यतीन सगळे एकाच मुठीत काढतो आणि दुकानदारासमोर धरतो, "घ्या तुम्हीच." घेतात!

१४ जुलै, सोमवार. दुपारी ३.२०. टालिन

क्रमाने लिहितो.

आज आषाढी एकादशी. यतीनचा उपवास. तो वर्षातून दोन एकादश्या करतो आणि उरलेल्या दिवशी त्याबद्दल बोलतो. मी रात्री साबुदाणा भिजवून ठेवला होता, खोलीतल्या ग्लासने मोजून पाणी. दाणा मोकळा झाला होता. आम्ही उतरलोय त्या हॉस्टेलला किचन आहे. मी कढई घेऊन तिकडे निघालो तर यतीनने दारात अडवलं.

"नाही. इथे खोलीत कर. जूनमध्ये हॉटेलला किचन नसणार. खरी परीक्षा खोलीत."

मी म्हणालो, छतावर धुराचा अलार्म आहे.

"अरे, धूर कुठे आहे? खिचडी आहे."

मी खिडकी उघडली. बाथरूमचा पंखा लावला. अलार्मखाली उभं राहून ओला टॉवेल हलवायचं काम यतीनकडे दिलं. तूप तापलं. जिरं टाकलं. मिरची टाकली. त्याच क्षणी यतीनला फोन आला आणि टॉवेल खाली ठेवून तो बोलायला लागला.

मला वाटलं होतं एक भोंगा वाजेल. चारही मजल्यांवर वाजले. मी शेगडी बंद केली, कढई हातात तशीच. जिन्यावर लोक. कुणी टॉवेलवर, एका मुलीच्या डोक्याला शॅम्पू. सगळे रस्त्यावर. लाल बंब आला, पूर्ण शिडी असलेला. चौघे जण हेल्मेट घालून वर पळत गेले. मी फुटपाथवर, हातात साबुदाण्याची खिचडी.

खाली आल्यावर त्यांच्यातला म्होरक्या सरळ माझ्याकडे. कढईत बघितलं. वास घेतला. मग इंग्रजीत विचारलं, हे कुणी केलं?

सेटलमेंटच्या फॉर्ममध्ये एक पान आहे – कधी दंड झालाय का, कुठल्याही देशात. ते पान मला पाठ आहे. पाच वर्षं मी लाल सिग्नलला मोकळा रस्तासुद्धा ओलांडला नाही त्या पानासाठी. कढई माझ्या हातात, आणि सगळा रस्ता माझ्याकडे बघतोय.

यतीन पुढे आला. माझ्या हातातून कढई काढून घेतली.

"मी केलं. माझा उपवास आहे."

त्याचं नाव लिहून घेतलं. लाल पासपोर्टचा नंबर लिहून घेतला. सही त्याची. दंड इथले तीन हजार दोनशे क्रून, कार्डावर. म्हणजे १६२ पौंड. म्होरक्या जाताना म्हणाला की वास वाईट नाही.

खोलीत आल्यावर मी काही बोलायच्या आत यतीन म्हणाला, "ऑक्टोबरात अर्ज आहे ना तुझा. मला काय, मला कोण बाहेर काढतंय." आणि थंड खिचडी खायला लागला. "मीठ बरोबर आहे," म्हणाला.

मी लहानपणापासून ओळखतो याला. असं काही करेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ७.४०

यतीनने वाइन मागवली. म्हटलं, उपवास?

"द्राक्षं आहेत, ज्ञान्या. फलाहार. बिअर चालत नाही, त्यात धान्य असतं."

बरं वाटलं. चार तास त्याला मनातसुद्धा काही बोलता येत नव्हतं.

१५ जुलै, मंगळवार. टालिन

यतीनने फाइलमध्ये नवीन कलम घातलं: "फोडणी – मोकळ्या जागेत." दंडाचे १६२ मी देतो म्हणालो. त्याने हात उडवला. "पार्टनरमध्ये कसले हिशोब?"

पार्टनर शब्द आज तीनदा आला. मोजतोय.

कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सही त्याने माझ्यासाठी केली की दोन हजारांसाठी? असा विचार करणं हलकटपणा आहे. तरी येतो.

१६ जुलै, बुधवार. संध्याकाळी ५.००. रीगा

बसने साडेचार तास. दोन्ही बाजूंना झाडं, सगळी एकसारखी सरळ. यतीन पुढच्या बाईला सांगत होता की आमची टूर कंपनी आहे. "आम्ही दोघं डायरेक्टर." तिने मला विचारलं, तुम्ही काय बघता? यतीनच म्हणाला, "किचन."

मधल्या थांब्यावर तो स्वच्छतागृहात गेला, तर निळी फाइल बरोबर घेऊन. मी एवढी वर्षं किचनमध्ये काढली, गल्ल्याची किल्ली घेऊन तिथे जाणारा मालक बघितलाय. फाइल घेऊन जाणारा पहिला.

लाटव्हियाचा पैसा पौंडापेक्षा जड आहे. एका लाटला आपले एक पौंड तेरा. यतीनला पटतच नाही. तीनदा भांडला बिचाऱ्या एक्स्चेंजवाल्या मुलीशी.

१७ जुलै, गुरुवार. दुपारी १२.१०. रीगा

इथला बाजार पाहिला. आयुष्यात एवढा चांगला बाजार पाहिला नाही. पाच प्रचंड अर्धगोल छपरं. पूर्वी आत फुग्यासारखी हवाई जहाजं ठेवायचे म्हणे, आता एकात मासे, एकात दूध-दही, एकात भाजी. आणि बाहेर, रांगेने, म्हाताऱ्या बायका – प्रत्येकीसमोर शेपू! ढीगच्या ढीग शेपू. इथे बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू, सूपमध्ये शेपू, माशाच्या पोटात शेपू. आमच्या घरी शेपू केली की यतीन जेवायला थांबायचा नाही, दिवसभर ढेकर येतात म्हणून. इथे अख्खा देश खातो आणि बसमध्ये कुणी ढेकर दिलेला ऐकला नाही.

एका आजीकडून तीन जुड्या घेतल्या. तिला इंग्रजी नाही, मला तिचं काही नाही. तिने बोटांनी विचारलं, एवढी कशाला? मी हाताने दाखवलं – चिरायची, मूगडाळ, लसूण, परतायची. ती हसली. मग तिने तिची रीत दाखवली: उकडलेले कोवळे बटाटे, वर लोणी, वर शेपू. मी मान हलवली. तिने चौथी जुडी अशीच टाकली पिशवीत.

दहा मिनिटं बोललो आम्ही, एक शब्द न बोलता. यतीन दुसरीकडे स्टॉपवॉच लावून मासळीच्या छपरातून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते बघत होता.

मला हे लोकांना दाखवायला आवडेल. हे पहिल्यांदा मनात आलं. काकूंना इथे आणावं, या आजीसमोर उभं करावं आणि बाजूला व्हावं. दोघी संध्याकाळपर्यंत हलणार नाहीत.

पण दोन हजार?

१७ जुलै. संध्याकाळी ८.००

हॉस्टेलच्या अंगणात, मोकळ्या जागेत, शेपूची भाजी केली. कलमाप्रमाणे. यतीनने खाल्ली. दोनदा घेतली. मग कागद काढला.

"सही कर. उद्यावर कशाला?"

मी म्हणालो, आधी फाइल.

"सही झाल्यावर फाइल तुझीच आहे."

"एकोणीस जणांची नावं तरी सांग."

"तुझा विश्वास नाही माझ्यावर?"

"सूर्य मावळला, यत्या. १०.३४ ला."

त्याने ताट बाजूला सारलं. मग आवाज वर. "तुझ्याकडे काय आहे ज्ञान्या? बारावी फेल. मी तुला डायरेक्टर करतोय. वॉटफर्डमध्ये कोण करणार आहे? हरीशभाई करणार? जन्मभर तंदूरसमोर उभा राहशील. आणि टालिनला मी पुढे झालो नसतो तर आज कुठे असतास?"

आलं शेवटी बाहेर. तीन दिवस लागले.

मी ताटली धुतली, पुसली, बॅगेत ठेवली. मग सांगितलं: दंडाचे पैसे पूर्ण देईन. दोन हजार देणार नाही. सही करणार नाही. ज्या गोष्टीची फाइल मला बघता येत नाही, तिच्यात माझं नाव नको.

तो म्हणाला, "तुझं नाव!" आणि हसला. विचित्र हसला. मग फाइल उचलून आत गेला.

शेपूची एक जुडी उरली, ती ओल्या कागदात गुंडाळली. नोंद.

१८ जुलै, शुक्रवार. स्टॅन्स्टेड विमानतळ

विमानात दोघांमध्ये एक खुर्ची रिकामी. पासपोर्टच्या रांगेत मी त्रेपन्न मिनिटं. तो थांबला नाही.

१९ जुलै, शनिवार

हरीशभाईंनी विचारलं, फिरायला मजा आली? म्हटलं, हो. मग दिवसभरात शंभर नान भाजले.

यतीनचा फोन नाही. मी पण केला नाही. टालिनचा विचार येतो. तो टॉवेल खाली ठेवून फोनवर बोलला नसता तर काही झालंच नसतं, हेही खरं. आणि तो पुढे झाला, हेही.

२० जुलै, रविवार. दुपारी ४.१०. वॉटफर्ड

सुप्रभाकाकूंकडे त्यांचा डबा परत द्यायला गेलो. रिकामा कसा देणार, म्हणून शेपूची भाजी. रीगाची शेवटची जुडी, ओल्या कागदात टिकली होती. काकू कमरेवर हात ठेवून दारात आल्या आणि पहिलंच वाक्य:

"काय रे ज्ञानेश्वर, आमचे चेक अजून भरले नाहीस?"

कुठले चेक?

"अरे, टूरचे. पंधरा जूनला दिले सगळे यतीनकडे. एकोणीस जणांचे, शंभर-शंभरचे. माझ्या खात्यातून अजून गेले नाहीत म्हणून मीच विचारणार होते तुला."

मला का?

"तुझ्या नावाने आहेत ना. यतीन म्हणत होता कंपनीच्या नावाने लिहा. हे म्हणाले, कंपनी आम्हाला माहीत नाही. स्वयंपाक कोण करणार? ज्ञानेश्वर. मग त्याच्याच नावाने लिहितो. यांनी लिहिला तसा सगळ्यांनी लिहिला. नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना रे? यांनी तीनदा विचारून घेतलं यतीनला."

डॉक्टरकाका आतून ओरडले, "वरण रोज पाहिजे म्हणावं! सूर्याचं बघू."

खोलीवर येऊन हिशोब केला.

एकूण खर्च: ३३१ पौंड ५० पेन्स. पैकी स्वच्छतागृहं: ६ पौंड १०.
यतीनला देणे: दंड, १६२ पौंड. पूर्ण.
यतीनला द्यायचे दोन हजार: शून्य.
यतीनकडून येणे: निळी फाइल. आत एकोणीस चेक, माझ्या नावाचे. भरायचे ऑक्टोबरनंतर, सेटलमेंट हातात आल्यावर; वर्क परमिटवर स्वतःचा धंदा चालत नाही.
एकोणीस जणांना देणे: पुढच्या जूनमध्ये नऊ दिवस, दोन्ही वेळचं जेवण.